नळ आला, अहवाल कुठं आहे?

2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातली बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावं एकाएकी देशभर गाजली. माणसांच्या डोक्यावरचे केस मुठीमुठीनं हातात येत होते, चार-सहा दिवसांत टक्कल पडत होतं. पहिला संशय अर्थातच पाण्यावर गेला. पट्टा खारपाणाचा, जमिनीखालचं पाणीच खारं, म्हणजे आरोपी आधीच ठरलेला. पाण्याचे नमुने उचलले गेले आणि त्यांत नायट्रेटही जास्त निघालं, क्षारही जास्त निघाले. मग आयसीएमआरची, एम्सची पथकं आली. रक्त, केस, धान्य, माती, सगळ्याचे नमुने गेले. पुढं पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं, चर्चा गव्हावर गेली आणि पाणी या प्रकरणातून सुटलं.

सुटलं ते साफ सुटलं. केस गव्हानं गेले म्हटल्यावर पाण्यातल्या नायट्रेटचं कुणाला काही पडलं नाही. खरं तर त्या सगळ्या गदारोळात हाती लागलेली ती सर्वांत कामाची माहिती होती. केस परत येतात, पुष्कळांचे आलेही. पण तान्ह्या लेकराच्या दुधात रोज जास्त नायट्रेटचं पाणी जात असेल, तर ते त्याच्या आईला कळायला नको? तिला ते कळण्यासाठी आधी गावाचे केस गळावे लागतात, पथक यावं लागतं, टीव्हीचा कॅमेरा यावा लागतो. आणि एवढं होऊनही आकडा पथकाच्या गाडीतच परत जातो.

माझी तक्रार पाणी तपासलं जात नाही ही नाही. विदर्भातल्या खेड्यांत पाणी बऱ्यापैकी तपासलं जातं. जो ते पितो त्याला निकाल सांगण्याची पद्धत मात्र आपण कधी पाडलीच नाही, आणि ती पाडायला ना नवी योजना लागते ना नवं खातं.

जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं. घरोघरी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी, हे त्याचं ठळक अक्षरातलं वचन. त्याच कागदांत जरा बारीक अक्षरात आणखी काही लिहिलं आहे. प्रत्येक गावात पाच बायांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं, त्यांच्या हाती फील्ड टेस्ट किट द्यायचं. स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी दोनदा प्रयोगशाळेत करायची. सामान्य माणसालाही नाममात्र शुल्कात आपलं पाणी तपासून घेता यावं म्हणून प्रयोगशाळा खुल्या ठेवायच्या. यातलं बरंचसं होतंही. जिल्ह्याला प्रयोगशाळा आहे, उपविभागाच्या ठिकाणीही आहेत, आणि निकाल केंद्राच्या पोर्टलवर चढवले जातात. कुणी म्हणेल, मग अहवाल जाहीरच आहे की. आहे. पोर्टल इंग्रजीत आहे, त्यात आधी राज्य, मग जिल्हा, तालुका, पंचायत, वस्ती असं उतरत जायचं, आणि शेवटी नमुना क्रमांकासमोर आकडे. हातपंपावर गुंड, म्हणजे घागर, घेऊन उभी असलेली बाई तिथवर पोचेल, असं ज्यानं मानलं त्याला नमस्कार.

गावात मात्र एक भिंत रिकामी नाही एवढे फलक. योजनेचं नाव, मंजूर रक्कम, कंत्राटदार, काम पूर्ण झाल्याची तारीख. टाकीवर निळ्या रंगात ‘हर घर जल’. ज्या पाण्यासाठी एवढी रंगरंगोटी केली त्या पाण्यात काय आहे, याची एक ओळ कुठं दिसली तर मला जरूर दाखवा.

निकाल कळत नाही तेव्हा लोक स्वतःची परीक्षा लावतात. आपल्याकडे ती जिभेवर आणि चुलीवर होते. तुरीची डाळ लवकर शिजली, साबणाला फेस आला, गंजाला, म्हणजे पातेल्याला, पांढरा थर बसला नाही, तर पाणी चांगलं. ही परीक्षा खोटी नाही, फक्त ती एकाच गोष्टीची आहे. तिच्यातून पाण्याचा जडपणा कळतो, म्हणजे त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. आणि जडपणा हा पाण्याच्या दोषांतला त्यातल्या त्यात निरुपद्रवी दोष. भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, तो लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतलाय. नायट्रेटला चव नाही, वास नाही, रंग नाही. फ्लोराईडलाही नाही. कॉलऱ्याच्या जंतूनं पाणी गढूळ होत नाही. म्हणजे ज्यानं माणूस आजारी पडतो ते जिभेला कळत नाही, आणि जिभेला कळतं त्यानं माणूस सहसा आजारी पडत नाही.

यातून एक चमत्कारिक गोष्ट घडते. गावानं पैसे खर्चून खोल बोअर घेतलेली असते. तिचं पाणी जड, डाळ शिजायला वेळ लागतो. मग बाया पुन्हा जुन्या विहिरीवर जातात. “त्या हिरीचं पाणी लय गोड हाये, डाय पटकन शिजते,” असं वर्धा जिल्ह्यातल्या एका गावी एका मावशीनं मला सांगितलं होतं, आणि तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. विहिरीच्या एका अंगाला गोठा, दुसऱ्या अंगाला उकिरडा, आणि जरा पलीकडे नव्यानं बांधलेल्या संडासांचे शोषखड्डे. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतो आणि वरचं सगळं सोबत नेतो. उथळ विहिरीला जे नायट्रेट येतं ते असं येतं: शेणामुतातून, मैल्यातून, आणि शेतातल्या युरियातून. चव बिघडत नाही. डाळ शिजतेच.

नायट्रेटवर जरा थांबतो, कारण विदर्भाचा हा सर्वांत पसरलेला आणि सर्वांत कमी बोलला जाणारा दोष आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात नायट्रेटच्या बाबतीत देशातले जे 15 जिल्हे ठळकपणे नोंदले गेले, त्यांत वर्धा, अमरावती, बुलढाणा आणि यवतमाळ आहेत. एका अहवालात विदर्भाचे चार जिल्हे. कापसाचे भाव पडले तर इथं रास्ता रोको होतो. ही बातमी आली तेव्हा एखादा मोर्चा निघाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. जडपणाला, क्षाराला मानकानं ‘दुसरी सोय नसेल तर’ म्हणून सूट दिली आहे. नायट्रेटला दिलेली नाही. पंचेचाळीसच्या वर पाणी पिण्याजोगं नाही, विषय संपला.

मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही, म्हणूनच तर हा आकडा कुणाला टोचत नाही. धोका आहे तो सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. त्याच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरतं आणि मग रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. बाळ निळसर पडतं. आईच्या दुधातून हे जात नाही. नुसतं अंगावर पिणारं लेकरू यातून वाचतं. जातं ते वरच्या दुधातून, म्हणजे पाणी घातलेल्या दुधातून, पावडरच्या दुधातून, ‘उन्हाचं आहे, जीव सुकला असंल’ म्हणून पाजलेल्या चमचाभर-चमचाभर पाण्यातून. आता यातली सर्वांत वाईट गंमत. काळजी करणारी आई काय करते? पाणी उकळते. उकळून जंतू मरतात, ते योग्यच आहे. पण नायट्रेट उकळून उडत नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. आपण आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ‘पाणी उकळून प्या’ लिहितो आणि या विहिरीचं पाणी बाळासाठी उकळूनही वापरू नका, हे सांगत नाही. कोणत्या विहिरीचं, हे त्या भिंतीला माहीत नसतं. प्रयोगशाळेला माहीत असतं.

फ्लोराईडची तऱ्हा उलटी. तो वरून येत नाही, खडकातून येतो, आणि म्हणून खोल बोअरमध्ये जास्त सापडतो. यवतमाळच्या पांढरकवडा, झरी जामणी भागात, चंद्रपूरच्या काही पट्ट्यांत हा जुना पाहुणा आहे. एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दीडच्या वर नको. दात घडायच्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, पोरानं हे पाणी पिलं की कायमच्या दातांवर खडूसारखे पांढरे, मग तपकिरी पट्टे येतात. ते घासून जात नाहीत. मास्तर म्हणतात, दात घासत जा रे. पोरगं घासतं बिचारं. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराईड गेलं की सांधे आणि कणा आखडतो, आणि त्यावर उपाय नाही. इथंही उकळून काही होत नाही.

फ्लोराईड काढायची एक स्वस्त रीत आपल्याच नागपुरात तयार झाली. 1958 साली उभी राहिलेल्या आणि आज नीरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेनं तुरटी आणि चुन्याचा वापर करणारी ‘नलगोंडा पद्धत’ बसवली. नाव तेलंगणातल्या जिल्ह्याचं, काम नागपूरचं. पद्धत सोपी आहे: तुरटी-चुना मोजून टाका, ढवळा, गाळ बसू द्या, वरचं पाणी घ्या. पण रोज मोजून टाकणारा माणूस पाहिजे, गाळ काढणारा पाहिजे, आणि काम नीट होतंय का हे तपासणारा पाहिजे. पाणी शुद्ध करणाऱ्या कोणत्याही यंत्राची गाडी आपल्याकडे इथंच अडते. उद्घाटनाला मंत्री मिळतो, गाळ काढायला माणूस मिळत नाही. त्यापेक्षा ज्या बोअरला फ्लोराईड आहे तिचं पाणी वापरायला आणि नसलेल्या विहिरीचं प्यायला, एवढं केलं तरी अर्धं काम होतं. फक्त कोणती कोणती, हे ठाऊक पाहिजे. पुन्हा अहवालच.

खारपाणपट्ट्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथं जीभ खरं बोलते. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी मुळातच खारं. ते कळायला प्रयोगशाळा नको. तिथला प्रश्न धरणाचं पाणी नियमित पोचवण्याचा आहे. 84 खेडी योजनेसारख्या मोठ्या प्रादेशिक योजना त्यासाठीच झाल्या. पाइपलाइन फुटली, पाणी आठ-पंधरा दिवसांआड यायला लागलं, की माणूस पुन्हा बोअरवर. तिथं किडनीच्या रोग्यांची घरं लोक बोटांवर मोजून दाखवतात, आणि त्यांना ‘अभ्यास चालू आहे’ या उत्तराचा आता कंटाळा आलाय.

या सगळ्या गोंधळात ज्यानं बरोबर हेरलं तो म्हणजे आरओवाला. खिशात पेनसारखं मीटर घेऊन तो येतो, तुमच्या नळाच्या पाण्यात बुडवतो, 640 आकडा दाखवतो, मग आपल्या पाण्यात बुडवतो, 60 दाखवतो. झालं. टीडीएसचं हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, बाकी काही नाही. 640 वाईट नाही. मानकानं 500 पर्यंत इष्ट आणि पर्याय नसेल तर 2000 पर्यंत चालेल म्हटलं आहे. उलट नालीचं पाणी मिसळलेल्या नळालाही मीटर 300 दाखवू शकतं. या मीटरनं पाणी निर्धोक ठरवणं म्हणजे माणसाला वजनकाट्यावर उभं करून ताप आहे का ते पाहणं.

आरओचं पाणी वाईट, असं मी म्हणत नाही. पडदा धड असेल तर नायट्रेट आणि फ्लोराईड दोन्ही तो बऱ्यापैकी काढतो, आणि ज्या गावात दुसरा इलाजच नाही तिथं ते मशीन बसवणाऱ्यानं पुण्य केलं. पण पडदा शेवटचा कधी बदलला, ते पाणी शेवटचं कधी तपासलं? त्या निळ्या कॅनला सील नाही, क्लोरीन नाही, आतून कधी घासली माहीत नाही. आणि मशीननं सोडलेलं, आणखी खारं झालेलं पाणी जातं मागच्या नालीत. शिवाय ज्याला रोजचे दहा रुपये परवडतात त्यानं कॅन घेतली की तो पाण्याच्या भांडणातून बाहेर पडतो. ग्रामसभेत पाण्यावर बोलू शकणारी, चार अक्षरं वाचू शकणारी घरं अशी एकेक करून गप्प होतात. नळाचं पाणी प्यायला उरतो तो मजूर, आणि त्याला ग्रामसभेच्या दिवशी वेचणी असते.

आता नळाचं. स्रोत चांगला असला की पाणी चांगलं, हाही एक गोड समज आहे. गावात सकाळी पाणी सुटतं तेव्हा एकदा गल्लीच्या शेवटच्या टोकाला जाऊन उभं राहावं. दाब कमी, म्हणून लोकांनी अंगणात गुडघाभर खड्डा खणून नळ त्यात उतरवलेला. नळाला तोटी नाही. रात्री सांडपाणी त्या खड्ड्यात साचलेलं, पाइपाचं तोंड त्यात बुडालेलं. शेजारच्यानं थेट नळाला टिल्लू पंप लावला की लाइनीत ओढ तयार होते, आणि खड्ड्यातलं पाणी लाइनीत आणि लाइनीतून चार घरं पलीकडच्या गुंडात. पाइप नालीतूनच गेलेला असेल आणि सांधा गळत असेल तर पंपाचीही गरज नाही. पाणी बंद झालं की रिकामा पाइप आपोआप ओढून घेतो.

या एका गोष्टीवर इलाज आहे आणि तो गावातच आहे: टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. पाणी सोडणाऱ्या शिपायाकडं एक काचेची छोटी नळी असते, पाणी घालून त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. क्लोरीन उरलं असेल तर पाणी पिवळं होतं, आणि पिवळा किती गडद यावरून प्रमाण कळतं. याला ओटी टेस्ट म्हणतात. शेवटच्या घरच्या नळाला लिटरमागं 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. उरलं तर वाटेत जे मिसळलं त्याचा बंदोबस्त झाला. नाही उरलं, पाणी काचेसारखं पांढरंच राहिलं, तर वाटेत कशानं तरी ते क्लोरीन गिळलंय. मी पाहिलेल्या एका गावी टेस्ट झाली ती टाकीखालच्या नळावर. पिवळाधमक रंग. वहीत नोंद, सही, शिक्का. “शेवटच्या घरी नाही पाहत का भाऊ?” म्हटलं तर तो हसला. “तिकडं पाहाले गेलं का लोक म्हणते पावडरचा वास येते, कमी टाक. अन् साहेब म्हणते वाढव. मी काय करू सर?” तो पगारावर काम करतो, तोही वेळेवर होत नाही. त्याच्या गोदामातली पावडरची गोणी उघडी होती. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. ओल लागली की ते उडत जातं, आणि 20 टक्क्यांच्या खाली गेलं की ती पावडर आणि चुना सारखाच. ती गोणी किती टक्क्यांवर होती, हे तपासायचं त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

आता कार्डांबद्दल. महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. व्यवस्था चांगली आहे, आणि देशात सगळीकडे नाही. पण हे कार्ड कशाचं? विहिरीभोवती घाण आहे का, व्हॉल्व्ह गळतो का, टीसीएल साठा आहे का, याचं. म्हणजे जंतूंचा धोका किती आहे, याचं. नायट्रेट-फ्लोराईडशी त्याचा संबंध नाही. हिरवं कार्ड असलेल्या गावाच्या बोअरला तीन मिलिग्रॅम फ्लोराईड असू शकतं आणि सरपंच अगदी प्रामाणिकपणे म्हणू शकतो की आमचं पाणी हिरवं आहे. शिवाय कार्ड ग्रामपंचायतीला मिळतं, विहिरीला नाही. गावात चार विहिरी, सहा बोअर असतील तर लाल कोणती? पाटी कोणत्या हातपंपावर लावायची?

सर्वेक्षणाचे महिने एप्रिल आणि ऑक्टोबर. साथ येते जुलैत. 2022 च्या जुलैत मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत दूषित पाण्यानं साथ पसरली, माणसं दगावली, मुख्यमंत्र्यांना लक्ष घालावं लागलं. तेव्हाच्या बातम्यांत एक तपशील होता तो मला अजून छळतो. गावाला नळयोजना होती. विजेचं बिल थकलं म्हणून जोडणी तोडलेली, म्हणून लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते. कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालात हे येत नाही. पाण्याची सुरक्षितता कधी कधी थकलेल्या पाणीपट्टीत आणि मीटरच्या वायरीत असते. जो शहाणा अधिकारी वीज तोडायला सांगतो, त्यानं त्याच कागदावर ‘गाव आजपासून कोणतं पाणी पिणार आणि ते तपासलं आहे का’ एवढे दोन रकाने भरून द्यावेत, असा नियम करायला काय हरकत आहे?

अहवाल भिंतीवर लिहा म्हटलं की तीन आक्षेप येतात. लोक घाबरतील, हा पहिला. घाबरतील. शेगावात घाबरलेच की, आणि चुकीच्या कारणानं घाबरले, कारण त्यांना आधी काहीच माहीत नव्हतं. ज्या गावाला आपल्या पाण्याचे आकडे दरवर्षी दिसतात ते गाव यंदाचा आकडा गेल्या वर्षीशी ताडून पाहतं. अफवा पसरते ती कोऱ्या भिंतीवर.

दुसरा आक्षेप, लोकांना समजणार नाही. हा ऐकला की माझं डोकं फिरतं. सोयाबीनच्या ओलाव्यात 12 आणि 14 टक्क्यांचा फरक किती रुपयांचा, हे अडत्याशी तासभर भांडून सांगणारा माणूस, माती परीक्षणाच्या कार्डावर नत्र-स्फुरद-पालाश वाचणारा माणूस, त्याला ‘मर्यादा 45, आपलं 78’ समजत नाही? त्याला विचारलंय कुणी? आणि किट चालवायला ज्या पाच बायांना शिकवलं, त्या आपल्या बचत गटात हे समजावून सांगायला पुरेशा आहेत. त्यांना किटच्या बाटल्या संपल्यावर नव्या मिळत नाहीत, हा त्यांच्या समजुतीचा दोष नव्हे.

तिसरा आक्षेप खरा अवघड आहे: पर्यायच नसेल तर सांगून काय उपयोग? उगाच जिवाला घोर. यावर बांगलादेशचं उदाहरण आहे. तिथं नळकूपांत आर्सेनिक निघालं तेव्हा सरकारनं पन्नास लाखांच्या आसपास नळकूप तपासले आणि वाईट ते लाल, चांगले ते हिरवे असे रंगवले. नवी योजना सगळीकडे लगेच आली नाही. पण लाल रंग पाहून पुष्कळ घरांनी शेजारच्या हिरव्या नळकूपावरून पाणी आणायला सुरुवात केली. एका गावातलं सगळंच पाणी सारखं वाईट क्वचित असतं. आणि गावाला सगळ्या 55 लिटरची चिंता करायची नाही. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी पाच-सात लिटर, बाळाच्या दुधाला तर लिटरभर. एवढं पाणी पलीकडच्या विहिरीवरून आणता येतं. फक्त ती पलीकडची विहीर हिरवी आहे हे कुणी तरी सांगावं लागतं.

एक अडचण मात्र आक्षेप म्हणून कुणी मांडत नाही आणि तीच सर्वांत मोठी आहे. अहवाल लिहिला की पुढच्या निवडणुकीत विरोधी पॅनेल त्याच्यावर बोट ठेवणार. सरपंचाला वाटतं, खडकातलं फ्लोराईड माझ्या माथी का? रास्त आहे. म्हणून हे सरपंचाच्या मर्जीवर सोडू नये, सक्तीचं करावं. सगळ्याच गावांच्या भिंतीवर आकडे आले की एकाच सरपंचाची बदनामी होत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्ये सार्वजनिक कार्यालयांनी न मागता माहिती द्यावी, असं 2005 पासून लिहिलेलंच आहे. पैशाचंही कारण नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीतला 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच होता, आणि त्यातला अर्धा पिण्याच्या पाण्यासाठीच. त्यात पेंटरचे पाचशे रुपये बसत होते.

किटचा निकाल लिहू नये, हे मान्य. किटमधला रंग डोळ्यांनी जुळवायचा असतो, चूक होते; तिथं शंका आली की नमुना प्रयोगशाळेत गेला पाहिजे आणि प्रयोगशाळेचाच आकडा भिंतीवर आला पाहिजे, तारखेसकट. प्रत्येक स्रोताच्या बाजूला चार आकडे: नायट्रेट, फ्लोराईड, टीडीएस, आणि ई-कोलाय, म्हणजे मैल्यातले जंतू, सापडले का. आकड्यासमोर मर्यादा. त्याखाली मराठीत एक ओळ: ‘या बोअरचं पाणी लहान मुलांना पिण्यासाठी देऊ नये’, किंवा ‘उकळून किंवा टीसीएल टाकून प्यावे’, किंवा ‘पिण्यास योग्य’. गोंडी-कोरकू बोलणाऱ्या वस्त्यांत रंगही लावावा. आणि शिपायाच्या ओटी टेस्टच्या वहीत टाकीखालच्या नळाशेजारी शेवटच्या घराचा रकाना असावा, आणि त्या घरच्या बाईची सही.

पावसाळ्याआधीचे नमुने एप्रिलपर्यंत जातात आणि 1 मे ला ग्रामसभा असते. तिच्या विषयपत्रिकेत ‘गावातील सर्व पाणी स्रोतांच्या प्रयोगशाळा अहवालाचे वाचन’ हा विषय घ्यावा, असा अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या जुन्या ग्रामसेवकाकडे, आठ-दहा दिवस आधी द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जात स्रोतांची नावं गावात चालतात तीच लिहावीत: मारुतीजवळची विहीर, शाळेचा हातपंप, टाकीची बोअर.